व्हर्नियर कॅलिपर : परीक्षा त्या छोट्या पट्टीची

कार्यशाळेत 'व्हर्नियर' म्हटले की जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी किंवा व्यास मोजणारे संपूर्ण उपकरणच, म्हणजे कॅलिपर, डोळ्यांसमोर येते. वास्तविक हे नाव मुख्य मोजपट्टीला लागून सरकणाऱ्या छोट्या पट्टीचे आहे. फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये ब्रुसेल्स येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती कोन मोजण्याच्या उपकरणासाठी मांडली आणि कालांतराने त्यांचे आडनावच तिला चिकटले. अंशाहून सूक्ष्म कोन वाचण्याची वेगळी युक्ती पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रो नुनेश यांनी १५४२ मध्येच सुचवली होती, म्हणून जर्मन भाषेत या पट्टीला त्यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आजही 'नोनियस' म्हणतात. कॅलिपर कोणताही असो, तो पारखायचा तर याच पट्टीवरून, असे माझे ठाम मत आहे.

मी वापरत असलेला १५० मिमीचा, स्टेनलेस स्टीलचा कॅलिपर या परीक्षेत उत्तम उतरतो. त्याच्या सरकत्या पट्टीवर ४९ मिमी अंतराचे ५० समान भाग केलेले आहेत. त्यामुळे प्रत्येक भाग ०.९८ मिमीचा होतो आणि मुख्य पट्टीवरील १ मिमीशी पडणारा ०.०२ मिमीचा फरक हेच उपकरणाचे लघुत्तम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, ठरते. रेघा बारीक व खोल कोरलेल्या असून पृष्ठभाग मॅट असल्याने दिव्याखाली चकाकी येत नाही. सरकत्या पट्टीची कड उतरती घासून मुख्य पट्टीला अगदी भिडवलेली आहे, त्यामुळे डोळा थोडा बाजूला गेला तरी वाचन सहसा चुकत नाही; हे काम फार मन लावून केलेले आहे.

जबडे मिटले की दोन्ही शून्ये तंतोतंत जुळतात आणि उजेडाकडे धरले तरी मध्ये फट दिसत नाही. ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाह्य व्यास २२.०० मिमी आणि रुंदी ७.०० मिमी, म्हणजे प्रमाणित मापाइतकीच आली. ८ मिमीच्या छिद्राचे माप मात्र ७.९८ मिमी आले. आतल्या जबड्यांच्या कडा किंचित सपाट असतात, त्यामुळे लहान छिद्र थोडे कमीच मोजले जाते, आणि हा दोष या प्रकारच्या बहुतेक कॅलिपरमध्ये आढळतो.

खरी तक्रार सरकता जबडा जागेवर पक्का करणाऱ्या स्क्रूबद्दल आहे. तो घट्ट करताना सरकता जबडा एखाद्या रेघेने हलतो, म्हणून माप वाचून झाल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. सरकत्या पट्टीची कोणती रेघ मुख्य पट्टीवरील रेघेशी जुळते यावरून माप वाचतात; शेजारच्या दोन रेघा एकाच वेळी जुळल्यासारख्या वाटतात तेव्हा भिंग घ्यावे लागते; ज्यांची नजर अधू आहे त्यांनी डायलचा, म्हणजे तबकडीवर काट्याने माप दाखवणारा, कॅलिपर घ्यावा.