तिकीट कुणी ठरवायचं? प्रायमरीच्या पद्धती शेजारी-शेजारी ठेवून पाहताना

संसदेच्या पुढच्या निवडणुकीत उमेदवार प्रायमरीने, म्हणजे वरून नाव न लादता पक्षाने घेतलेल्या मतदानातून, निवडायचे, एवढं पक्षात ठरलं आहे आणि नियम लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे, असं धरून चालतो. पहिल्या बैठकीत वाद होईल तो मतदान कुणी करायचं यावर. पदाधिकाऱ्यांनी, सगळ्या सदस्यांनी की मतदारसंघातल्या कुणीही? हा वाद दोन दिवस चालेल. मग शेवटच्या अर्ध्या तासात, निम्मे लोक उठून गेल्यावर, कुणीतरी विचारेल, "मत देणाऱ्यांची यादी कोणत्या तारखेची धरायची?" आणि घाईघाईत एक तारीख टाकून विषय संपेल. माझं म्हणणं, वेळेची वाटणी नेमकी उलटी हवी. मतदार कोण यावर बरंच ठरतं हे खरं, पण प्रायमरी बिघडते ती बहुतेक वेळा यादीवर आणि निकालानंतरच्या हस्तक्षेपावर. पुढच्या चारही पद्धती मी त्याच नजरेने पाहिल्या आहेत.

निवडक पदाधिकाऱ्यांचं मतदान

सगळ्यात स्वस्त आणि सोपी पद्धत. काहीशे लोक, एक सभागृह, एक दिवस. यादी आधीपासून तयार असते आणि मत देणारे इच्छुकांना ओळखतात. पाच वर्षं पडेल ते काम केलेल्या कार्यकर्त्याला इथे किंमत मिळते, जी बाकीच्या पद्धतींत सहसा मिळत नाही.

अडचणही याच आकड्यात आहे. मतदार थोडे असले की प्रत्येक मत महाग होतं, म्हणजेच विकत घेण्याजोगं होतं. इस्रायलमध्ये २००२ साली लिकुड पक्षाची संसदेसाठीची उमेदवार-यादी सुमारे तीन हजार जणांच्या केंद्रीय समितीने ठरवली. त्यात समिती सदस्यांसाठी हॉटेलच्या खोल्यांचे पैसे भरल्याचं प्रकरण उपमंत्री नाओमी ब्लुमेंथाल यांच्यावर शेकलं. चौकशीत उत्तरं द्यायला नकार दिल्यावर पंतप्रधान शेरॉन यांनी त्यांना पदावरून काढलं आणि पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं. पक्ष नंतर सर्व सदस्यांच्या मतदानाकडे वळला.

दुसरी गोम म्हणजे मतदान होतं, पण निवड होत नाही. वरून आलेली नावं एकगठ्ठा मांडायची आणि हात वर करायला लावायचे. जर्मनीत कायद्यानेच सदस्यांची किंवा त्यांच्या प्रतिनिधींची सभा आणि गुप्त मतदान सक्तीचं आहे, आणि इच्छुकाला स्वतःची बाजू मांडायला वेळ द्यावाच लागतो. तरीही हॅम्बुर्गमध्ये सीडीयू या पक्षाने प्रतिनिधींपुढे अशी गठ्ठा-यादी ठेवली. १९९३ साली तिथल्या घटना न्यायालयाने त्यावरून १९९१ ची अख्खी प्रांतिक निवडणूकच रद्द केली. एका पक्षाच्या सभागृहातल्या गडबडीमुळे सगळ्या पक्षांना पुन्हा मतदारांपुढे जावं लागलं. ही पद्धत घ्यायची असेल तर गुप्त मतदान आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत या दोन ओळी नियमात आधी लिहा.

सर्व सदस्यांचं मतदान

माझा कल इकडे आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

तत्त्व सरळ आहे. जो वर्गणी भरतो, त्याला मत. पण वर्गणी भरणारा कोण? एका पक्षाच्या सदस्य नोंदणीची छाननी करायला मी एकदा बसलो होतो. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण हे कुठेही दिसेल. अर्जांच्या गठ्ठ्यात सलग पन्नास-साठ अर्ज एकाच अक्षरातले, एकाच शाईचे, 'ळ'ची शेपटी तंतोतंत सारखी. वेगवेगळ्या घरांतल्या माणसांचे फोन नंबर मात्र तीनच, आलटून पालटून. त्यातला एक लावला तर उचलणाऱ्याने "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं सांगितलं. कोणते साहेब, हे विचारायची गरजच पडली नाही. नियमांत बोगस अर्जाची व्याख्याच नव्हती, त्यामुळे ते अर्ज वैध ठरले.

कॅनडात याचं मोठं रूप दिसलं. तिथे मतदारसंघातला उमेदवार पक्षाचे स्थानिक सदस्य निवडतात. लिबरल पक्षाच्या तेव्हाच्या नियमांनुसार १४ वर्षांपुढची आणि त्या मतदारसंघात राहणारी व्यक्ती, नागरिक नसली तरी, मत देऊ शकत होती. टोरांटोच्या डॉन व्हॅली नॉर्थमधल्या २०१९ च्या निवडीत परदेशी विद्यार्थ्यांना बसने आणल्याची बाब चौकशी आयोगासमोर आली. २०२४ च्या अंतरिम अहवालात आयोगाने म्हटलं की उमेदवार-निवडीच्या या लढती परकीय हस्तक्षेपाचं दार ठरू शकतात. पक्षाने नंतर पात्रतेचे नियम आवळले. इतकी मोठी सार्वत्रिक निवडणूक काटेकोर चालवणाऱ्या देशात हे दार वर्षानुवर्षं उघडं होतं, कारण ते पक्षाच्या घरचं दार होतं.

यादीच नसेल तर काय होतं, ते केनियात पाहायला मिळालं. एप्रिल २०१७ मध्ये ज्युबिली पक्षाला प्रायमरीच्या पहिल्याच दिवशीचं मतदान रद्द करून पुढे ढकलावं लागलं. आलेली माणसं जास्त, मतपत्रिका कमी. पक्षाचे सदस्य किती, हेच जिथे पक्कं ठाऊक नाही तिथे मतपत्रिका छापायच्या कशा?

म्हणून सदस्य-मतदान घेणार असाल तर तीन गोष्टींवर अडून बसा. नोंदणीची मुदत-तारीख इच्छुकांची नावं पुढे येण्याच्या खूप आधीची हवी. सहा महिने हा बरा आकडा आहे. वर्गणी ज्याची त्याने भरलेली हवी, गठ्ठ्याने नको. आणि यादी सगळ्या इच्छुकांना एकाच दिवशी, एकाच रूपात मिळायला हवी. तिसऱ्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात. विद्यमान खासदाराच्या कार्यालयात ती यादी महिनाभर आधीच पोचलेली असते, आणि लढत तिथेच संपते.

मतदारसंघातल्या कुणालाही मत

या पद्धतीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या टॉटनेसचं. ऑगस्ट २००९ मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाने तिथल्या सुमारे ६९ हजार मतदारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, टपालाने मतपत्रिका पाठवल्या. चौघांतल्या जवळपास एकाने ती भरून परत पाठवली. जिंकल्या सारा वॉलस्टन. पेशाने डॉक्टर, आणि त्यांच्यासमोरचे दोघेही स्थानिक राजकारणात मुरलेले. खर्च आला सुमारे ३८ हजार पौंड, एका जागेचा. २०१० च्या आघाडी सरकारने अशा २०० टपाली प्रायमरींसाठी सरकारी पैसा देऊ असं लिहून दिलं होतं. त्या कधी झाल्याच नाहीत.

पुढचं जास्त बोलकं आहे. वॉलस्टन संसदेत पक्षाच्या आदेशाबाहेर बोलत राहिल्या आणि २०१९ मध्ये पक्ष सोडून गेल्या. खुल्या प्रायमरीचे समर्थक म्हणतात, बघा, स्वतंत्र बाण्याची खासदार मिळाली. विरोधक म्हणतात, बघा, पक्षाने खर्च केला आणि माणूस गमावला. दोघंही एकच गोष्ट सांगतायत. ज्याला पक्षाबाहेरच्या मतदाराने निवडलं, तो पक्षाचं देणं लागत नाही. तुम्हाला ते हवं आहे का, हे आधी ठरवा. शिस्तबद्ध संसदीय गट हवा असणाऱ्या पक्षाने खुली प्रायमरी घेऊ नये, मग ती कितीही लोकशाहीवादी दिसो.

आणखी एक बारकावा. टॉटनेसची मतपत्रिका सर्वांसाठी होती, पण तिच्यावरची तीन नावं पक्षाने आधी गाळून घेतलेली होती. खुलेपण मतदारात होतं, पर्यायांत नव्हतं.

विरोधी पक्षाचे लोक येऊन मुद्दाम कच्चा उमेदवार निवडून देतील, ही भीती नेहमी व्यक्त होते. मला ती थोडी फुगवलेली वाटते. इतकी शिस्त स्वतःच्या कार्यकर्त्यांत असती तर कुठल्या पक्षाला आणखी काय हवं होतं? शिवाय तोडगाही आहे. अर्जेंटिनात २००९ च्या कायद्याने सगळ्या पक्षांच्या प्रायमरी एकाच दिवशी, सरकारी यंत्रणेने आणि सक्तीच्या झाल्या. मतदाराला एकाच पक्षात मत देता येत असल्याने दुसऱ्याच्या घरात लुडबुड केली की आपल्या घरातलं मत जातं. पण हा डोलारा देशाने उभारायचा असतो, एकट्या पक्षाच्या आवाक्यातला नाही. २०२५ च्या निवडणुकीसाठी अर्जेंटिनानेही तो बाजूला ठेवला.

जनमत चाचणी

तैवानमध्ये डीपीपी (डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पार्टी) हा पक्ष बऱ्याच जागांवर मतदान न घेता फोनवरच्या चाचणीने उमेदवार ठरवतो. यात सदस्य-यादी लागत नाही, बस भरून आणायला कुणी नसतं, आणि निवडून येण्याची क्षमता थेट मोजली जाते. ऐकायला फार छान.

तिथले इच्छुक मग फलकांवर छापतात की फोन आला तर 'फक्त' आमचं नाव घ्या, दुसऱ्या कुणालाही पसंती देऊ नका. समर्थकांना चाचणीच्या दिवसांत फोनजवळ थांबायला सांगितलं जातं. म्हणजे खेळी संपत नाही, जागा बदलते. त्याहून मोठी अडचण गणिताची आहे. हजार जणांच्या नमुन्यात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. दोन इच्छुकांत अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला तर जिंकलं कोण? नियम एक नाव मागतो, पण चाचणी ते प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. आणि ओळखीचा चेहरा नेहमी पुढे राहतो. नव्या माणसाला ही पद्धत जवळपास बंदच आहे. पूरक म्हणून ठीक, एकमेव म्हणून मी सुचवणार नाही.

मोजणीचा नियम

सहा इच्छुक, सहाशे मतं. पहिल्याला दीडशे मिळाली आणि तो जिंकला, तर साडेचारशे लोकांना तो नको होता. प्रायमरीत इच्छुक बरेच असतात, म्हणून 'सर्वाधिक मतं तो विजयी' हा नियम इथे सार्वत्रिक निवडणुकीपेक्षाही वाईट चालतो. एका जातीचा किंवा एका गटाचा माणूस बाकीच्यांच्या फाटाफुटीवर निघून जातो. दुसरी फेरी सर्वांना समजते, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या आठवड्यात सौदे होतात आणि दुसऱ्यांदा माणसं कमी येतात. पसंतीक्रमाचं मत, म्हणजे इच्छुकांना पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देणं, सगळ्यांत बरं. ब्रिटनच्या लेबर पक्षात आणि कॅनडातल्या पक्षांत ते रुळलेलं आहे. फक्त बाद मतांचा नियम सैल ठेवा. पहिली पसंती स्पष्ट असेल तर पुढच्या चुकांसाठी मत बाद करू नका.

महिलांच्या प्रतिनिधित्वासाठी इटलीच्या पीडी (डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाने डिसेंबर २०१२ मध्ये वापरलेला नियम मला आवडतो. मतं दोन, पण दुसरं द्यायचं असेल तर एक पुरुषाला आणि एक स्त्रीला. राखीव जागेचा शिक्का नाही, नंतरची उलथापालथ नाही. उलट उदाहरण लिकुडचंच. इस्रायलमध्ये मत पक्षाच्या यादीला मिळतं, त्यामुळे नाव जितकं वर तितकी खासदारकी जवळ. २००८ च्या प्रायमरीत मोशे फेग्लिन हे इच्छुक यादीत विसाव्या जागी आले. राखीव जागांचा अर्थ कसा लावायचा यावर मोजणीनंतर वाद झाला आणि ते छत्तिसाव्या जागी गेले. निर्णय बरोबर असेलही, पण मत देणाऱ्याला तो कसा वाटला असेल?

नकाराधिकार कधी वापरायचा

पक्षश्रेष्ठींना नकाराधिकार राहणारच. तो काढून टाकू म्हणणारे नियम पहिल्या अडचणीत मोडतात. प्रश्न तो मतदानाआधी वापरायचा की नंतर, एवढाच.

२०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतल्या. वडोदऱ्यात नरेंद्र रावत निवडून आले. मग तिथून नरेंद्र मोदी उभे राहणार असं जाहीर झालं, रावत बाजूला झाले आणि उमेदवारी मधुसूदन मिस्त्रींना मिळाली. लढतीचं गणित बदललं होतं, हे मान्य. पण ज्या कार्यकर्त्यांनी रांगेत उभं राहून मत दिलं होतं, त्यांना पुढच्या वेळी रांगेत कसं आणणार? छाननी कडक करा, चारित्र्य, गुन्हे, पैसा सगळं तपासा, पण ते अर्ज आल्यावर, मतपत्रिका छापण्याआधी. विद्यमान खासदाराला आपोआप तिकीट द्यायचं असेल तर तेही आधीच लिहून टाका.

हरलेल्याची बंडखोरी कुठलाच नियम पूर्ण थांबवत नाही. केनियाच्या राज्यघटनेनुसार अपक्ष लढायचं तर निवडणुकीच्या तीन महिने आधीपासून पक्षाचं सदस्यत्व नसायला हवं. पक्षाच्या हातात एवढी ताकद नसते, पण वेळापत्रक असतं. अपिलाला सात-आठ दिवस, त्यावर निर्णय देणारे लोक आधीच नेमलेले, आणि निकालापासून अर्ज भरण्यापर्यंत इतकाच काळ की अपील संपेल पण नवा पक्ष गाठायला फुरसत मिळणार नाही.

तुमच्या पक्षाची शाखा-रचना पक्की असेल आणि यादी नसेल, तर पहिल्या वेळी पदाधिकाऱ्यांचं गुप्त मतदान घ्या आणि त्याच वर्षी यादी बनवायला लागा. यादी असेल तर सदस्यांचं, पसंतीक्रमाने. खुली प्रायमरी एखाद्या हक्काच्या जागेवर करून बघायला हरकत नाही, जिथे पक्षाचं तिकीट म्हणजेच खासदारकी असते. आणि समितीच्या पहिल्या बैठकीत, अजून कुणाचंच नाव हवेत नसताना, मी मुदत-तारखेचा विषय पहिला घेईन आणि ती तारीख त्याच दिवशी इतिवृत्तात सह्यांसकट लिहून घेईन.