कार्मेल की ट्रॅपिस्ट? दोन मठ, दोन दिनक्रम

कार्मेलाइट आणि ट्रॅपिस्ट हे कॅथलिक नन्सचे दोन संघ. बाहेरून बघितलं तर दोन्ही सेमच वाटतात, भिंतीआडच्या नन, शांतता, दिवसभर प्रार्थना. पण आतला दिवस बराच वेगळा असतो.

कार्मेलाइट संघ त्याहून जुना, पण इथे म्हणतेय ती अविलाच्या संत तेरेसाने सुधारलेली परंपरा (कोलकात्याच्या मदर तेरेसा नाहीत हं, या १६व्या शतकातल्या स्पेनच्या). १५६२ मध्ये त्यांनी अविलात पहिला सुधारित मठ काढला. तिथे रोज दोन तास मूक प्रार्थना, एक सकाळी एक संध्याकाळी, तोंडाने काही म्हणायचं नाही, नुसतं देवासमोर बसायचं, आणि मन इकडेतिकडे पळालं की परत आणायचं, हेच अवघड. काम शक्यतो आपापल्या खोलीत एकटीने करायचं. पण जेवणानंतर मात्र गप्पा आणि हसणं, तेसुद्धा रोज ठरलेल्या वेळी! तेरेसाबाईंना रडके चेहरे अजिबात चालायचे नाहीत. मठही छोटा, साधारण २१ जणींपर्यंतच.

ट्रॅपिस्ट नन ६व्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमाने चालतात. पहाटे साडेतीन-चारच्या सुमारास उठून पहिली प्रार्थना, मग दिवसभर घंटा वाजली की हातातलं काम टाकून चॅपलमध्ये. त्या नियमात आठवड्यात बायबलमधली सगळी १५० स्तोत्रं म्हणायची असं सांगितलंय. इथे कामही खरं अंगमेहनतीचं, शेती, चीज, चॉकलेट, कारण मठाचा खर्च आपल्याच कष्टातून निघाला पाहिजे.

मला विचाराल तर ट्रॅपिस्ट जमेल, पहाटेचं उठणं सोडून. दोन तास नुसतं गप्प बसणं, छे, मी दहाव्या मिनिटाला घड्याळ बघीन.