सोळा हजारांचं सिरॅमिक आणि मगभर पाणी

काळी गाडी घेऊ नका, असं शोरूममधल्या मुलानंच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चार वर्षं रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसून बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे उठले. सावलीत गाडी नवी दिसायची, उन्हात काढली की लाज वाटायची. शेवटी दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरातल्याच एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीचा रंग घासून-पुसून चमकवून देणाऱ्याकडे, दिली. नाव लिहीत नाही. असली दुकानं आता गावोगावी आहेत, एकाचं नाव घेऊन काय होणार?

बोलणं असं झालं: गाडी धुणार, क्ले मारणार (म्हणजे मऊ मातीसारखा गोळा फिरवून रंगाला चिकटलेली घाण काढणार), तीन टप्प्यांत मशीन पॉलिश करणार आणि वर ९एच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा पातळ पारदर्शक थर, तीन वर्षांच्या गॅरंटीसह. भाव १८,५०० रुपये. मग हळूच, "सर, बिल नको असेल तर सोळा हजारांत बसवतो." मी म्हटलं, नको बिल. ही चूक माझी, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त नडली.

सकाळी दहाला गाडी दिली. मी थांबतो म्हटलं तर, "आत धूळ येते सर, कस्टमरला थांबू देत नाही." संध्याकाळी सातला फोन आला. गाडी बघून खरंच बोलती बंद झाली. जाळी गायब, छतावरचे दिवे बॉनेटमध्ये आरशासारखे उमटलेले. दुकानातल्या पोऱ्यानं मगभर पाणी बॉनेटवर ओतलं, थेंब मोत्यासारखे घरंगळले. मी व्हिडिओ काढला, बायकोला पाठवला, स्टेटसला ठेवला.

खरं तर चोरी त्या मगातच दिसत होती. सिरॅमिक कोटिंग लावल्यावर ते घट्ट व्हायला वेळ लागतो. पहिले बारा ते चोवीस तास गाडीला पाणी लागू द्यायचं नसतं आणि पुढचा आठवडाभर शाम्पूही नाही, अशाच सूचना साधारणपणे बाटलीबरोबर असतात. मग नुकतंच कोटिंग लावलेल्या गाडीवर दुकानदार स्वतः पाणी कसं ओततो? आणि थेंबाचं म्हणाल तर ते साध्या मेणावरही तसेच उभे राहतात. ९एच हाही असाच एक आकडा. पेन्सिलच्या शिशानं ओरखडा काढून बघायच्या चाचणीतला तो कडकपणा आहे. तो ऐकून मला वाटलं होतं, आता गाडीवर दगड पडला तरी काही व्हायचं नाही.

दोन धुण्यांत रंग उतरला, म्हणजे त्यांचा. तिसऱ्या आठवड्यात रात्री पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपाच्या पांढऱ्या दिव्याखाली बॉनेटवर मोठमोठे अर्धगोल पट्टे दिसले. सारवलेल्या अंगणात हाताचे फराटे दिसतात ना, अगदी तसे. जुनी जाळीही होती तिथंच. दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं: "तुम्ही चुकीच्या शाम्पूनं धुतली. आणि गॅरंटी चालू ठेवायची तर दर सहा महिन्यांनी मेंटेनन्स घ्यायला लागतो, २,५०० रुपये." कार्डावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ते लिहिलेलंही होतं.

तिथून तडक उद्यमनगरात एका जुन्या पेंटर मिस्त्रींकडे गेलो. गाडी थांबायच्या आत त्यांनी विचारलं, "कुणी मारलंय हो मशीन ह्यावर?" आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी एकत्र करून त्यांनी बॉनेटचा हातभर तुकडा पुसला. उरलासुरला तेलकट थर निघाला आणि खालचे सगळे ओरखडे उघडे पडले. त्यांचं म्हणणं असं, की गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनला लोकरीचं पॅड लावून जाडं कंपाउंड (रंग घासणारी खरखरीत पेस्ट) एकदाच फिरवलंय, त्याचे फराटे झाकायला वर तेलकट ग्लेझ भरलंय आणि शेवटी मेणासारखं चकाकणारं स्वस्तातलं सीलंट. तीन टप्पे एवढ्या मोठ्या गाडीला नीट करायचे तर दोन दिवस जातात, हे लोक दहा ते सातमध्ये मोकळे.

इथवर पैशाचं दुःख होतं. मग त्यांनी कपाटातून रंगाची जाडी मोजायचं यंत्र काढलं. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर प्रायमर (खालचा अस्तर), बेस (रंग), क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असं सगळं मिळून साधारण शंभर ते एकशेचाळीस मायक्रॉन जाडी असते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातलं क्लिअर पस्तीस-चाळीस, फार तर पन्नास. चकाकी त्या क्लिअरचीच, आणि ऊन झेलतं तेही तेच. माझ्या दारांवर आकडा आला ११८, १२१. छतावर ११५. बॉनेटच्या मधोमध ९६. बॉनेटला जी उंच घडी आहे तिच्या कडेवर ६४. मिस्त्रींनी यंत्र उचलून परत ठेवलं, परत ६४. कडेवर मशीनचा सगळा भार एका रेषेत येतो, तिथंच तापतं आणि तिथंच आधी घासलं जातं. म्हणूनच जाणता माणूस कडांना टेप लावूनच मशीन हातात घेतो. "पैसं मिळतील वो परत," ते म्हणाले, "क्लिअर कुठनं आणणार?"

गाडी देण्याआधीचं रीडिंग मात्र माझ्याकडे नव्हतं. त्यामुळे ६४ हा आकडा कितीही बोलका असला तरी पुरावा म्हणून शून्य. दुकानात गाडी घेतानाच, तुमच्यासमोर, प्रत्येक पत्र्याचं रीडिंग लिहून फोटो काढायला सांगा. यंत्र नाही म्हणाले तर गाडी परत वळवा. (प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही, त्यावरून वाद घालू नका.) आणि घरी नेण्याआधी एका कोपऱ्यावर अल्कोहोलचं फडकं तुमच्यासमोर मारून घ्या, पण कोटिंग चढायच्या आधी, पॉलिश संपल्यावर. पॉलिश खरं असेल तर पुसूनही ते तसंच राहतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. बिल नाही म्हटल्यावर माझाच आवाज खाली गेला. पण व्हॉट्सॲपवर त्यानं "९एच सिरॅमिक, ३ इयर" असं लिहून पाठवलं होतं आणि पैसे यूपीआयनं गेले होते, तेवढं कामी आलं. दोन आठवड्यांनी त्यानं सहा हजार परत टाकले, "सर, विषय संपवा" म्हणून. मी संपवला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे तेव्हा माहीत होतं, तरी दिवाळीनंतर तारखांना जायचं बळ नव्हतं.

उरलेली गाडी मिस्त्रींनी सावरली. मी समोर स्टूल टाकून बसलो, त्यांनी हाकललं नाही. त्यांचं मशीन फिरता फिरता थरथरणारं, ड्युअल ॲक्शनचं. स्पंजच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पॉलिश, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. आधी मशीन बंद ठेवून ते पसरायचं, मग सावकाश आडवं, मग उभं. पॉलिश पातळ, पारदर्शक झालं की थांबायचं आणि वाळायच्या आत पुसायचं. दर तुकड्यानंतर ब्रशनं पॅड झाडत होते. सीलंटला पॅड वेगळं, आणखी मऊ, मशीन सगळ्यात कमी वेगावर, आणि थर इतका पातळ की लावलंय का नाही कळू नये. मग बोट फिरवून बघायचं. रेघ स्वच्छ उमटली तर मायक्रोफायबरनं काढायचं, बोटाला चिकटलं तर अजून चहा घ्यायचा. आम्ही दोन घेतले. बॉनेटच्या त्या कडेला मात्र त्यांनी मशीन टेकवलंच नाही, तिथं नुसता हात.

४,५०० रुपये घेतले आणि न मागता पावती फाडली. मी सवयीनं नळाखालचा मग उचलला.

"आवो ठेवा ते," मिस्त्री ओरडले, "वाळू तर द्या!"