यूव्ही पेन की दाबायचा फिल्टर? प्रवासात पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायच्या नसतील तर

प्रवासाला निघताना स्वतःची बाटली आता बहुतेक जण घेतात, खरा प्रश्न ती दुसऱ्यांदा कुठे भरायची हा असतो. नळ समोर असतो पण त्या पाण्याचा भरवसा वाटत नाही, आणि मग हात विकतच्या बाटलीकडे जातो. चौघं जण, दहा दिवस, माणशी रोज दोन लिटर धरलं तरी लिटरच्या ८० बाटल्या होतात. एका ट्रिपच्या शेवटी खोलीच्या कोपऱ्यात साठलेला रिकाम्या बाटल्यांचा ढीग बघितला आणि मला खरंच वाईट वाटलं, आपणच केलेला कचरा होता तो. त्यानंतर मी आधी फिल्टर घेतला, मग दोनेक वर्षांनी यूव्ही पेन (पाण्यात बुडवून अतिनील किरणांनी जंतू निकामी करायचा छोटा दिवा), आणि दोन्ही भरपूर वापरलेत.

जिथे नळाचं पाणी सरळ पिता येतं तिथे यातलं काहीच नको, उगाच खर्च करू नका. विमानतळावर रिकामी बाटली तपासणीतून नेता येते, आत गेल्यावर भरायची, विषय संपला.

आता फिल्टर. म्हणजे तो मऊ पिशवीला लावून दाबायचा प्रकार, आत बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो आणि त्यांची छिद्रं साधारण ०.१ मायक्रॉनची. जिवाणू अडकतात, जिआर्डियासारखे परजीवी अडकतात, गाळ तर अडकतोच, त्यामुळे ओढ्याचं गढूळसर पाणी असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. बॅटरी नाही, सर्किट नाही, वजन अगदी नगण्य. पण विषाणू त्या छिद्रांपेक्षा लहान असतात, हेपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरस त्यातून निसटू शकतात. दूर डोंगरात हे फारसं आड येत नाही, पण जिथे माणसांची वस्ती दाट आणि सांडपाण्याची लाइन पिण्याच्या पाण्याजवळून गेलेली, तिथे मात्र येतं, आणि आपला बहुतेक प्रवास अशाच ठिकाणी होतो ना.

अजून एक, ओला फिल्टर थंडीत गोठला की आतल्या नळ्या तडकतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. ओल्या फिल्टरमधून हवा फुंकून बघायची, धड असेल तर हवा पलीकडे जात नाही, ही युक्ती मला फार उशिरा कळली.

पण मला ज्याचा खरा वैताग आला ते वेगळंच होतं, दाबणं. नवा असताना फिल्टरमधून पाणी सुरेख येतं, पण जड पाण्याच्या गावात आठवडाभर वापरला की क्षार बसतात, धार बारीक होत जाते, आणि मग ती उलटं पाणी मारायची सिरिंज लागते जी माझी त्या ट्रिपला घरीच राहिली होती. रात्री उशिरा पोचलो, चौघांना तहान लागलेली, मी बाथरूममध्ये उभा राहून पिशवी पिळतोय, एक लिटरला किती वेळ गेला ते मोजलं नाही पण मनगटं दुखायला लागली एवढं नक्की, भाचा दारात पेला घेऊन उभा, आणि शेवटी आई म्हणाली, "अरे राहू दे रे, खालून दोन बाटल्या घेऊन ये." आणि मी गेलो आणि घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी परत तेच. फिल्टर बॅगेत आणि प्लॅस्टिक कचऱ्यात, हे काही मनाला पटेना. घरी आल्यावर व्हिनेगरमध्ये भिजवून तो बराचसा मोकळा झाला, पण त्या ट्रिपच्या बाटल्या काही परत येणार नव्हत्या.

यूव्ही पेनचं तसं नाही. पेल्यात किंवा रुंद तोंडाच्या बाटलीत बुडवायचा, बटण दाबायचं, ढवळत राहायचं, माझ्याकडच्याला एका लिटरला साधारण दीड मिनिट लागतं, आणि ते दीड मिनिट पहिल्या लिटरला जेवढं तेवढंच विसाव्याला. किरणांनी जंतूंचा डीएनए किंवा आरएनए असा बिघडतो की त्यांची वाढ थांबते, विषाणूंचीसुद्धा, आणि क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही यात सुटत नाही. एक करून झालं की दुसऱ्याचा पेला, मग तिसऱ्याचा, घरातलं कुणीही करू शकतं, माझी आईच करते आता. झाकणातच यूव्ही दिवा असलेल्या बाटल्याही मिळतात, एकट्या माणसाला त्या बऱ्या पडतील, पण चौघांत मला पेनच सोयीचा वाटला.

त्याच्या कटकटी पण सांगतो. पाणी स्वच्छ दिसायला हवं, गढूळ असेल तर कणांच्या सावलीत जंतू वाचतात, मी दाट विणीच्या कापडातून गाळून घेतो पण फारच मातकट पाणी असेल तर तेवढ्याने भागत नाही. बाटलीच्या तोंडाशी, आट्यांमध्ये राहिलेल्या थेंबांपर्यंत किरण पोचत नाहीत, तिथे कोरडं पुसावं लागतं. चव, वास, क्षार, रसायनं, यातलं काही कमी होत नाही (साध्या दाबायच्या फिल्टरनेही होत नाही, चव, वास आणि बऱ्याच रसायनांना कार्बनचा फिल्टर लागतो, क्षार त्यानेही जात नाहीत). शुद्ध केलेलं पाणी नंतर हात लागून परत खराब होऊ शकतं, त्यामुळे साठवून ठेवायचं नाही. आणि बॅटरी. ती एकदा संपली होती, तेव्हा खोलीतल्या केटलमध्ये पाणी उकळलं, खळखळून एक मिनिट पुरतं, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, पण मग थंड होईपर्यंत बसायचं.

पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर कागदावर फिल्टर जिंकतो, ना बॅटरी ना सर्किट. पेनमध्ये लिथियम बॅटरी असते, जुन्या प्रकारच्या दिव्यात पारा असतो (एलईडीवाल्यात नसतो), शेवटी तो ई-कचराच होणार आणि त्याची विल्हेवाट नीट लावायला हवी. फिल्टरही शेवटी प्लॅस्टिकच, फेकताना त्याचं कुणी काही करत नाही, पण तरी त्याचं ओझं कमी हे मान्य. माझ्यापुरता हिशोब मात्र वेगळा निघाला, पेन आल्यापासूनच्या प्रवासांत मी विकतच्या किती बाटल्या घेतल्या ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, फिल्टरच्या काळात तसं नव्हतं.

तुम्ही ट्रेकला जाणारे असाल, ओढ्या-तळ्याचं पाणी घेणार असाल, तर माझं ऐकू नका, फिल्टरच घ्या, मी स्वतः तिथे अजून तोच नेतो. थंडीत रात्री तो झोपायच्या पिशवीत जवळ ठेवा म्हणजे गोठणार नाही, आणि सिरिंज विसरू नका. पण लॉज, रेल्वे, बस, नातेवाइकांकडे मुक्काम, सोबत लहान-मोठी माणसं असा प्रवास असेल तर मला वाटतं पेन जास्त वापरला जाईल. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, मनगटं माझ्यापेक्षा दणकट असतील तर नक्कीच.

घेताना एवढं बघा की चार्जिंग टाइप-सी आहे का, म्हणजे फोनच्याच केबलवर भागतं, किंवा मग साधे रिचार्जेबल सेल घालता येणारा घ्या, कारण आत कायमची बसवलेली बॅटरी म्हातारी झाली की दिवा चांगला असूनही आख्खा पेन टाकावा लागतो.