सोयाबीनच्या बियाण्याला लावायचं ‘थ्री इन वन’ लाल औषध : चांगलंय, पण दुकानदार सांगतो तेवढं नाही

पहिला निकालच सांगून टाकतो म्हणजे ज्याला वेळ नाही त्याची सोय. औषध काम करतं, पैसे वसूल, पाचातले चार स्टार. एक स्टार कापलाय तो बाटलीतल्या औषधाचा नाही, काउंटरवर ज्या थापा ठोकून ते गळ्यात मारतात त्याचा.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर लोकांना वाटायचं मी कंपनीचा माणूस. बाटली फिरवून मागचं लेबल वाचा, एझोक्सीस्ट्रोबिन २.५ टक्के, थायोफिनेट मिथाईल ११.२५ टक्के आणि थायामेथोक्झाम २५ टक्के एफएस (एफएस म्हणजे बियाला लावायचं पातळ औषध) असं लिहिलं असलं की तेच हे. पहिली दोन बुरशीनाशकं, तिसरं कीटकनाशक. डोस किलोला १० मिली, म्हणजे एकराला ३० किलो बी धरलं तर ३०० मिली. टोकण करणाऱ्याला, म्हणजे हातानं एकेक बी टाकणाऱ्याला, बी कमी लागतं त्यामुळं औषधपण कमी. खर्च काढायला सोपं आहे, तुमच्या दुकानातला लिटरचा भाव घ्या आणि हिशोब करा, मला तरी तो एका फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त वाटला नाही, मजुरी धरून बोलतोय.

आता आपल्या कोल्हापुरात याची गरज का पडते ते बघा. आमचं रान हातकणंगले तालुक्यात, काळं, पाणी धरून ठेवणारं. खोडवा (तोडलेल्या उसाचं परत फुटलेलं पीक) मोडला की त्यात सोयाबीन आणि सोयाबीन निघालं की परत ऊस, हे आमचं ठरलेलं. मृगात पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर पडून वापसा आला, म्हणजे रान पेरणीजोगं ओलसर झालं, की पेरा, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण आपल्याकडं पाऊस एकदा लागला की लागला, पेरलं आणि वरून झड बसली तर आठ आठ दिवस रानात पाय घालता येत नाही. बी फुगतं आणि कोंब वर यायच्या आधीच कुजून जातं. वर आलेलं पण सगळं आपलं नसतं. पंधरा-वीस दिवसांचं रोप अचानक माना टाकतं, उपटून बघितलं तर जमिनीलगत बुंध्यावर पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे. आमच्याकडं सरसकट ‘मर लागली’ म्हणून मोकळे होतात. ही बुरशी मातीतच असते, वर फवारणी करून तिथं औषध पोचवायचं म्हणजे अवघड काम, म्हणून बियालाच औषध लावून पेरायचं.

आमच्या आबांचा कुठल्याच औषधावर विश्वास नाही. त्यांनी मधल्या काही सऱ्या बिनऔषधाच्या ठेवायला लावल्या, म्हटले बघू तर खरं तुझं औषध काय करतंय ते. हे त्यांनी लय भारी केलं, कारण नाहीतर सगळ्या रानाला औषध लावायचं आणि पीक चांगलं आलं की औषधाचा गुण म्हणायचं, यात काय कळतं? खालच्या अंगाला, जिथं पाणी तुंबतं, तिथं फरक लांबूनपण दिसत होता. बिनऔषधाच्या सऱ्यांत तूट, म्हणजे रोपं नसलेली मोकळी जागा, कुठं हातभर कुठं त्याच्यापेक्षा जास्त, आणि औषधाच्या सऱ्या भरलेल्या. वरच्या अंगाला जिथं निचरा चांगला आहे तिथं मात्र मला काही वेगळं ओळखू आलं नाही, आबा तर म्हटले इथं पैसे पाण्यात गेले. खोटं कशाला बोला, तिथं त्यांचंच बरोबर होतं. तर ज्यांचं रान माळाचं, निचऱ्याचं आहे आणि विकतचं चांगलं बी आहे त्यांना एवढं महागातलं घ्यायची गरज आहे असं मला वाटत नाही.

कीटकनाशकाचा भाग वेगळा तपासला. खोडमाशीची अळी खोडाच्या आत पोखरते, बाहेरून दिसत नाही, झाड उभं चिरावं लागतं. बिनऔषधाच्या सरीतली झाडं उपटून ब्लेडनं खोड चिरलं की आत तांबूस बोगदा, आणि नीट बघितलं तर त्यात बारीक फिकट अळी. औषधाच्या सऱ्यांत अशी झाडं कमी सापडली, अजिबात नव्हती असं नाही. थायामेथोक्झाम मुळातून रोपात चढतं म्हणून हे होतं, पांढऱ्या माशीलापण त्याचा चाप बसतो आणि पिवळा मोझॅक पसरवते ती तीच माशी. पण हे सगळं पहिल्या तीन-चार आठवड्यांचं. त्यापुढं पीक वाढतं, औषध पातळ होत जातं आणि तुम्ही आणि तुमचा फवारणीचा पंप.

इथंच तो एक स्टार गेला. जिथनं घेतलं त्या दुकानात मला सांगितलं की एकदा हे लावलं की काढणीपर्यंत फवारणीचं नाव नको, तांबेरा (पानावरचा बुरशीचा रोग) येत नाही, चक्रीभुंगा (खोड पोखरणारा किडा) येत नाही, अळी येत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका मामांना तर हुमणीपण (मातीत राहून मुळं खाणारी अळी) जाते म्हणून सांगत होता. अहो तांबेरा येतो ऑगस्ट-सप्टेंबरात, वाऱ्यावर येतो, पानावर बसतो, जूनमध्ये बियाला लावलेलं औषध त्याला काय करणार? आपल्या पट्ट्यात तांबेऱ्याला दोनच गोष्टी उपयोगी, एक जात आणि दुसरं वेळेवर फवारणी. फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ इकडं एवढी पसरली ती उगीच नाही, शेजारच्या सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात आहे, तांबेऱ्याला बऱ्यापैकी दम धरते. पान खाणारी अळी आणि चक्रीभुंगा यांना रानात फिरून बघूनच औषध मारावं लागतं. आणि उसाच्या पट्ट्यातली हुमणी एवढ्या औषधानं जात असती तर कोल्हापुरात हुमणी हा शब्द कधीच ऐकू आला नसता.

दुसरं म्हणजे ‘किट’. बाटली मागितली की सोबत ह्युमिक (मुळांच्या वाढीसाठी म्हणून विकतात ते), एक टॉनिक आणि कसलीतरी चकचकीत पुडी, सुटं देत नाही म्हणे. मी सुटंच घेतलं, पण त्यासाठी अर्धा तास डोकं लावावं लागलं, आणि पक्कं बिल मागितल्यावर तोंड असं केलं की मी त्याची जमीनच मागितली. तरी बिल सोडू नका, त्यावर बॅच नंबर आणि मुदत लिहून घ्या, आणि बियाण्याच्या पिशवीचा टॅगपण फेकू नका. २०२० साली राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी झाल्या तेव्हा ज्याच्याकडं कागद त्याचंच कुणीतरी ऐकून घेत होतं.

त्यावरून आठवलं, मेलेल्या बियाला हे औषध जिवंत करत नाही. सोयाबीनचं टरफल पातळ, पोती आपटली, थप्पी उंच लावली, मळणी मशीन जोरात चालवलं की आतला कोंब दुखावतो आणि बाहेरून दाणा चकाचक दिसतो. घरचं बी वापरणाऱ्यांनी आधी ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा, आठवड्यात किती उगवले ते मोजा. ७० च्या वर असतील तर ठीक, कमी असतील तर बी वाढवा, लयच कमी असतील तर ते बी विकून टाका आणि दुसरं आणा. हे औषध लावायच्या आधी करायचं, कारण लाल झालेलं बी परत मार्केट यार्डात जात नाही, जनावराच्या पेंडीत जात नाही, कुठंच जात नाही.

लावायची पद्धत. ज्यांच्याकडं हातानं फिरवायचा ड्रम आहे त्यांचं बरंय, आमच्या गल्लीत एकाकडं आहे तो पैऱ्यावर, म्हणजे आळीपाळीनं, फिरतो. नसला तर सावलीत ताडपत्री, त्यावर बी पसरायचं, औषध मोजून टाकायचं आणि चौघांनी चार कोपरे धरून बी इकडून तिकडं लोळवायचं. हातानं चोळायचं नाही म्हणजे नाही, ज्वारी-गव्हाला चालतं ते सोयाबीनला चालत नाही, टरफल निघून येतं. पाणी जास्त घालू नका, दाणा सुरकुतला की समजा जास्त झालं. या औषधाची एक गोष्ट आवडली, रंग एकसारखा बसतो त्यामुळं कुठलं राहिलं ते लगेच दिसतं, आणि वाळल्यावर कुरीत (बैलाच्या पेरणीच्या अवजारात) किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत चिकटत नाही. पण पूर्ण वाळू द्या, ओलसर बी पेटीत अडकलं की एक ओळ रिकामी जाते आणि ते कळतं उगवल्यावर.

बियाला लावायच्या जिवाणू खताचं काय, औषधानं ते मरत नाही का, हा प्रश्न सगळे विचारतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतलं नत्र पिकाला देणारे जिवाणू), हा क्रम. यात पहिली दोन एकाच बाटलीत झाली. औषध लावून बी सावलीत सुकवायचं आणि पेरायच्या तोंडावर रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) लावायचं, दहा किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम. चिकटायला गुळाचं पाणी, आपल्याकडं गुळाला काय तोटा, पण पाणी उकळलं असेल तर पूर्ण थंड होऊ द्या. पाकिटाची तारीख बघा, आणि पत्र्याच्या दुकानात उन्हाच्या बाजूला ठेवलेलं पाकीट घेऊ नका, त्यात नुसती माती उरलेली असते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) या औषधाबरोबर लावू नका, तीपण बुरशीच आहे, एकतर ते लावा नाहीतर हे. जिवाणू बसले का बघायचं असेल तर महिना-सव्वा महिन्यानं एक झाड खुरप्यानं मातीसकट काढा, मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल निघाली तर नत्राचं काम चालू आहे. आमच्या गाठी लाल निघाल्या, म्हणजे क्रम पाळला तर या औषधानं जिवाणू मरतात ही ओरड आमच्या रानात तरी खरी ठरली नाही.

स्वस्तात काय? कार्बॉक्सिन अधिक थायरमची पावडर, किलोला ३ ग्रॅम, फक्त बुरशीसाठी, जुनी आणि भरवशाची, पण लावताना धुरळा उडतो, तोंडाला कापड बांधल्याशिवाय हात घालू नका. नाहीतर पेनफ्लुफेन अधिक ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, किलोला १ मिली, तेपण फक्त बुरशीचं, आणि एवढंसं औषध ३० किलोला सारखं लावायचं म्हणजे थोड्या पाण्यात कालवून घ्यावं लागतं. खोडमाशीचा त्रास असला तर यांच्यावर वेगळं थायामेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिली किंवा इमिडाक्लोप्रिड ४८ एफएस सव्वा मिली. दोन बाटल्या, दोनदा लोळवणं, दोनदा वाळवणं. पाणथळ काळं रान आणि घरचं बी असेल तर मी थ्री इन वनच घेणार, माळाच्या रानाला पुढच्या वर्षी पावडर.

टोकणीच्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. त्या दिवसभर ते लाल बी हातानं टाकतात आणि दुपारी त्याच हातानं भाकरी खातात. रबरी हातमोजे काय महाग नाहीत, औषधाच्या बिलातच घ्या. आमच्याकडं पहिल्यांदा नको म्हटल्या, बी नीट सुटत नाही म्हणे, मग पातळ मोजे आणून दिले तर चाललं. बांधावर साबण आणि वेगळं पाण्याचं कॅन ठेवा. आणि अंगणात बी वाळत घातलं असेल तर कोंबड्या कोंडून ठेवा, सांडलेला दाणा न् दाणा उचला, पाखरंपण टिपतात. उरलेलं बी घरात डब्यात भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका, तूट भरायला तेच वापरा आणि रिकामी बाटली भोकं पाडूनच टाका, पाण्याला घ्यायला चांगली दिसते ती.