माजी आमदारांची कागदपत्रे कुठे द्यावीत? दिल्ली, मुंबई, तालुक्याचे वाचनालय की घर

आमदार गेल्यावर वर्ष-दोन वर्षांत हा प्रश्न घरात उभा राहतोच. संपर्क कार्यालयाची भाड्याची जागा सोडायची असते, लोखंडी कपाटांना गिऱ्हाईक मिळालेले असते आणि पोटमाळ्यावरच्या गठ्ठ्यांकडे बघून कुणीतरी रद्दीवाल्याचे नाव काढते. ज्यांना ते पटत नाही अशा मुलामुलींसाठी, सुनांसाठी आणि जुन्या स्वीय सहायकांसाठी हे लिहितो आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो. राज्याच्या विधिमंडळात काम केलेल्या माणसाचे मूळ कागद महाराष्ट्रातच, अभिलेखांची, म्हणजे जुन्या दप्तरांची, जाणकार माणसे असलेल्या ठिकाणी जावेत आणि त्यांची स्कॅन केलेली पूर्ण प्रत मतदारसंघात राहावी. खासदारकी भूषवलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, तिच्याकडे येतोच.

आधी गठ्ठ्यात काय आहे ते पाहा

घरचे लोक पहिल्यांदा मोठ्या नेत्यांची पत्रे बाजूला काढतात. मुख्यमंत्र्यांचे अभिनंदनाचे पत्र चौकटीत जाते, बाकीचे गोणीत. संशोधकाला बहुधा उलटे हवे असते. १९७२च्या दुष्काळात एखाद्या गावाने पाझर तलावासाठी दिलेले अंगठ्यांचे निवेदन, खडी फोडणाऱ्या बायकांची थकलेल्या मजुरीची तक्रार, दुष्काळी मदतीचा सुकडी हा आहार वेळेवर येत नाही म्हणून सरपंचाने पाठवलेली चिठ्ठी हे कागद दुसरीकडे कुठेही नसतात. सरकारी दप्तरात तहसीलदाराचा अहवाल सापडेल, त्या बाईचा अर्ज सापडेलच असे नाही. धरणग्रस्तांचे तसेच. किती हेक्टर जमीन गेली ते शासनाकडे आहे. कुणाची वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, म्हणून नोंदवलेली जमीन प्रत्यक्षात भाताची होती, हे आमदाराकडे आलेल्या पत्रात आहे.

याउलट विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड, अर्थसंकल्पाची पुस्तके, शासन निर्णयांच्या छायाप्रती यांनी कपाटे भरलेली असतात, पण त्या गोष्टी विधानभवनाच्या ग्रंथालयात आहेतच. समासात हाताने काही लिहिलेले नसेल, तर त्यांच्यासाठी जागा अडवू नका.

खरी दौलत आहे ती जोडणीत. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाचा हस्तलिखित मसुदा, त्याच्यामागे टाचलेले गावकऱ्यांचे निवेदन, मंत्र्यांचे उत्तर आणि त्या उत्तरावर आमदारांनी निळ्या शाईत मारलेला शेरा. हे चार कागद एकत्र राहिले तर सभागृहातला प्रश्न कुठल्या वस्तीतून निघाला ते कळते. एखाद्या उत्साही माणसाने ‘पत्रे’, ‘प्रश्न’, ‘कात्रणे’ असे वेगवेगळे ढीग केले की ही साखळी तुटते आणि नंतर कुणालाच जुळवता येत नाही. अभिलेखागारातली माणसे मूळ क्रमाला इतका जीव लावतात तो यासाठीच. पुढच्या चारही पर्यायांना मी हीच कसोटी लावली आहे: तिथे ही जोडणी टिकेल का, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ते अर्ज लिहिले त्यांना ते बघता येतील का?

दिल्ली

दिल्लीत प्रामुख्याने दोन दारे आहेत. एक राष्ट्रीय अभिलेखागार, ज्याची सुरुवात १८९१ साली कोलकात्यात झाली. दुसरे तीन मूर्ती भवनातले नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय, १९६४ मध्ये सुरू झालेले आणि २०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय या नावाने ओळखले जाणारे. दोन्हीकडे महाराष्ट्राचे मोठे धन आहे. गोपाळ कृष्ण गोखले, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांचे तीन मूर्ती भवनात. दादाभाई नौरोजींचा संग्रहही राष्ट्रीय अभिलेखागारातच आहे. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या या माणसाची सुमारे ३० हजार कागदपत्रे आज अभ्यासता येतात, त्याचे श्रेय ती जपणाऱ्यांचे आहे.

दिल्लीच्या बाजूने बोलायचे तर तिथे तापमान-आर्द्रतेची काळजी घेणारी कोठारे आहेत, दुरुस्तीचा विभाग आहे, सूची आहेत, आणि देशोदेशींचे अभ्यासक तिथे येतातच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बऱ्याच गोष्टी घरबसल्या शोधता येतात. संसदेत दीर्घकाळ राहिलेल्या, केंद्रात मंत्रिपद सांभाळलेल्या व्यक्तीचे कागद तिथेच शोभतात, कारण त्यांचा पत्रव्यवहार ज्यांच्याशी झाला त्यांचे संग्रहही शेजारच्या कपाटात आहेत.

आमदाराच्या बाबतीत मात्र माझा हात आखडतो. जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचे नाव आहे. पण त्यांचे मूळ कागद हाताळायचे तर पुण्याच्या विद्यार्थ्याने दिल्लीची गाडी पकडायची. जयकरांसारख्या अखिल भारतीय माणसाच्या बाबतीत ते समजून घेता येईल. सांगोल्याच्या किंवा गडहिंग्लजच्या पाणीप्रश्नावरचे मराठी अर्ज दिल्लीत वाचणार कोण आणि त्यांची सूची करणार कोण? मराठी हस्ताक्षर, तालुक्यातली गावांची नावे, ‘पाटबंधारे’, ‘गायरान’, ‘कूळकायदा’ हे शब्द अंगवळणी पडलेला माणूस सूची करायला नसेल, तर संग्रह सुरक्षित राहील पण बंदच राहील.

मुंबई, पुणे आणि राज्यातली केंद्रे

राज्य शासनाचे पुराभिलेख संचालनालय मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. मुंबई इलाख्याच्या दप्तराची परंपरा १८२१ पासूनची. पुण्याला पेशवे दप्तर, आणि कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे त्या त्या भागाची दप्तरे. या विभागणीचा आमदारांच्या कागदांना मोठा उपयोग आहे. मराठवाड्यातल्या आमदाराचा संग्रह निजाम काळातल्या महसुली कागदांजवळ राहिला, तर जमिनीच्या वादाची दोन टोके एकाच शहरात मिळतात. मोडीपासून मराठीपर्यंत वाचणारी माणसे इथे आहेत, आणि ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

उणीव अशी की या खात्याचे मुख्य काम सरकारी अभिलेखांचे. खासगी संग्रह स्वीकारला तरी त्याची वर्णनात्मक सूची रांगेत मागे पडू शकते. म्हणून कागद देण्याआधी कुटुंबाने स्वतः प्राथमिक यादी करून द्यावी. फार शास्त्रशुद्ध नको: गठ्ठा क्रमांक, वरचे लेबल जसेच्या तसे, साधारण कोणती वर्षे, कोणता विषय. एवढ्या यादीनेसुद्धा संग्रह पहिल्या दिवसापासून वापरता येतो.

विद्यापीठांचे ग्रंथालय हा याच गटातला दुसरा मार्ग. तिथे राज्यशास्त्र आणि इतिहासाचे विद्यार्थी हाताशी असतात, त्यामुळे कागद वाचले जाण्याची शक्यता जास्त. धोका एवढाच की असा संग्रह अनेकदा एका प्राध्यापकाच्या आस्थेवर येतो आणि ते निवृत्त झाले की खोलीला कुलूप लागते. स्वीकृतीचे पत्र प्राध्यापकाचे नको, ग्रंथपाल आणि कुलसचिवांचे घ्या. गोव्यातल्या कुटुंबांना पणजीचे पुराभिलेख खाते जवळचे आहे. तिथल्या विधानसभेची पहिली निवडणूक १९६३ची, त्यामुळे त्या पिढीचे कागद आता घराघरांतून बाहेर पडण्याच्या वयाला आले आहेत.

तालुक्याचे वाचनालय किंवा स्मारक ट्रस्ट

मनाला सर्वांत जवळचा पर्याय हाच, आणि मी तो हलक्यात घेत नाही. गावाचा आमदार गावात राहावा, शाळेच्या पोरांनी त्यांच्या हस्ताक्षरातले भाषण बघावे, यात मोल आहे. अर्ज लिहिणाऱ्यांचे नातू तिथेच राहतात. आपल्या जुन्या वाचनालयांनी सरकारी आधार तुटपुंजा असतानाही पिढ्यानपिढ्या ग्रंथ जपले आहेत.

पण कागदाचे वैरी आपल्या हवेत फार. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २००५च्या पुरात त्याचे अतोनात नुकसान झाले, लोकांनी जिद्दीने ते पुन्हा उभे केले आणि २२ जुलै २०२१ला पाणी पुन्हा आत शिरले. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठून तरी मिळवता येते. अर्जाची दुसरी प्रत नसते. नदीकाठच्या गावात मूळ कागद ठेवण्याविरुद्ध मला याहून मोठे कारण द्यावेसे वाटत नाही.

ट्रस्टबाबत आणखी एक काळजी. पुतळा, सभागृह आणि जयंतीचा कार्यक्रम यांना देणगी मिळते; सूचीकाराच्या पगाराला मिळत नाही. विश्वस्तांत राजकीय वारस असतील तर निवडणुकीच्या वर्षात अडचणीचे कागद ‘सापडेनासे’ होण्याचा मोहही असतो. ज्या ट्रस्टकडे पगारी ग्रंथपाल, पुररेषेच्या वर असलेली इमारत आणि कुणालाही प्रवेश देण्याचा लेखी नियम आहे, तिथे निर्धास्त द्या. नसेल तर तिथे स्कॅन प्रत आणि निवडक वस्तूंचे प्रदर्शन ठेवा.

घरीच ठेवून स्कॅन करणे

याला मी पर्याय मानत नाही, ही पहिली पायरी मानतो. मोबाइलवर फोटो काढून पेनड्राइव्ह भरला म्हणजे जतन झाले असे नाही. फाइलींना नावे नसतील तर दहा हजार फोटो म्हणजे नवा गठ्ठाच. निदान ३०० डीपीआय इतकी स्कॅनची स्पष्टता, गठ्ठ्याचा आणि पानाचा क्रमांक फाइलीच्या नावात, आणि तीन प्रती तीन वेगळ्या जागी, एवढे पथ्य पाळा. नव्वदच्या दशकातले फॅक्स मात्र आधी स्कॅन करा. तो कागद उष्णतेने छपाई घेतो आणि वर्षागणिक कोरा होत जातो. भाषणांच्या कॅसेटचीही तीच घाई आहे.

मूळ कागद घरी आहेत तोवर गंजक्या टाचण्या आणि स्टेपलच्या पिना हलक्या हाताने काढून त्या जागी सुती दोरा किंवा कागदी पट्टी वापरा, म्हणजे एकत्र असलेले कागद एकत्रच राहतील. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत काढता येत नाही. डांबरगोळ्यांनी वाळवी थांबत नाही. गठ्ठे जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, घडवंचीवर ठेवण्याने जास्त काम होते.

दान की ठेव

कुटुंबांचे इथे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दानपत्राने कागदांची मालकी संस्थेकडे जाते. ठेव म्हणून दिले तर मालकी घराकडे राहते. तीन मूर्ती भवनातली नेहरूंच्या कागदांची ५१ खोकी २००८ मध्ये कुटुंबाकडे परत गेली आणि ती परत द्या किंवा त्यांच्या प्रती द्या, असा आग्रह संस्थेच्या एका सदस्याने २०२४ मध्ये धरला. कुणाची बाजू खरी यात न पडताही एवढे शिकता येते की कागद कोणाचे, हे पहिल्याच दिवशी निःसंदिग्ध लिहिलेले हवे. माझा सल्ला दानाचा. परत जाऊ शकणाऱ्या कागदांवर मेहनत करायला कुठलीही संस्था कचरते.

सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निर्वाण १९५६चे, आणि महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला १९७९ मध्ये. मधल्या काळात वारशाच्या वादामुळे त्यांची अप्रकाशित कागदपत्रे दिल्लीत प्रशासकाच्या ताब्यात पडून होती. लहान घरातही हेच घडते, फक्त त्याची बातमी होत नाही.

आलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याचा असतो, तो त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ चालतो. म्हणजे आमदारांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराचाच हक्क तुम्ही संस्थेला देऊ शकता. आणि ते कधी मंत्री असतील, तर घरी राहिलेल्या सरकारी फायली तुमच्या नव्हेतच. केंद्राचा १९९३चा आणि राज्याचा २००५चा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे. त्या शासनाकडे परत गेल्या पाहिजेत.

राहिला अर्जांमधल्या खासगीपणाचा मुद्दा. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार, क्षयरोगाच्या उपचारासाठी मागितलेली मदत, जातीच्या दाखल्याची अडवणूक हे लोकांनी एका माणसावर विश्वास ठेवून लिहिले. ते जाळू नका, आणि लगेच खुलेही करू नका. असे गठ्ठे ठरावीक वर्षे बंद राहतील, ३० म्हणा, ४० म्हणा, आणि मग अपवाद न करता सर्वांसाठी उघडतील, असे कलम दानपत्रात घाला. ‘कुटुंबाच्या परवानगीने’ हा शब्दप्रयोग टाळा. तीन पिढ्यांनंतर परवानगी कुणाकडे मागायची हेच कुणाला माहीत नसते.

कुठल्याही संस्थेला पहिले पत्र पाठवताना ‘अमूल्य ठेवा’ असे लिहिण्यापेक्षा आमदारांचा कार्यकाळ, मतदारसंघ, ज्या समित्यांवर होते त्यांची नावे, गठ्ठ्यांची संख्या आणि दोन-चार गठ्ठ्यांचे फोटो पाठवा. सोबत तीन गोष्टी विचारा: सूची कोण करणार, किती काळात, आणि तालुक्यातून आलेल्या सामान्य वाचकाला ओळखपत्रावर प्रवेश मिळेल का. उत्तर येईपर्यंतच्या वेळात जुन्या स्वीय सहायकांना घरी बोलवा आणि प्रत्येक गठ्ठा कशासाठी बांधला होता, लाल दोऱ्याचा वेगळा का, ‘प्रलंबित’ म्हणजे कुणाकडे प्रलंबित, हे सगळे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यांचे वय आमदारांच्या आसपासचेच असते.