एनजीसी १९७८ की एनजीसी ४१९: पहिल्या प्रकल्पाला कोणता तारकागुच्छ घ्यावा?

जुन्या गोलाकार तारकागुच्छांत एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत नायट्रोजन-सोडियमच्या प्रमाणात जी तफावत असते, ती तरुण गुच्छांत कोणत्या वयापासून दिसते, हे बघायचं ठरवलं की बरेच जण शेवटी या दोघांपाशी येऊन अडतात. मोठ्या मॅगेलन मेघातला १९७८, छोट्या मेघातला ४१९ (हे मेघ म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका). वजनाने दोघेही लाखो सूर्यांच्या घरातले, दोघांचीही हबल दुर्बिणीची चित्रं, नायट्रोजनचा फरक टिपणाऱ्या एफ३४३एन फिल्टरसकट, संग्रहात फुकट. फरक वयाचा. पहिला साधारण २०० कोटी वर्षांचा, दुसरा १५० कोटींचा. आणि तेवढ्यानेच चित्र पालटतं: १९७८ च्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांत नायट्रोजनची तफावत दिसते, ४१९ मध्ये दिसत नाही.

ताऱ्यांच्या रंग आणि तेजाचा आलेख म्हणून ४१९ जास्त देखणा, हे कबूल. मुख्य क्रमाचं (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांच्या पट्ट्याचं) वळण रुंद, लाल पुंजका (गाभ्यात हेलियम जाळणाऱ्या ताऱ्यांचा घोळका) चक्क दुहेरी. ताऱ्यांच्या फिरण्याच्या वेगावर काम करायचं असेल तर बिनधास्त तोच घ्या.

रसायनासाठी मात्र मी त्याला कंटाळलो, आणि कारण एकच: मेघाचे स्वतःचे तारे. तेही राक्षसी शाखेवर (आलेखातल्या राक्षसी ताऱ्यांच्या पट्ट्यावर) नेमके गुच्छाच्या ताऱ्यांतच मिसळतात. खडे आहेत, पण तांदळाच्याच रंगाचे! दोन लाख प्रकाशवर्षांवर कोण कुठे सरकतंय हे पाहून ते वेचणं जड जातं, म्हणून मग अंदाजाने वजाबाकी. चित्राच्या कडेचा तुकडा घ्यायचा, तिथे जितके तारे तितके गुच्छातून गाळायचे. पण कडेलाही गुच्छाचे तारे असतातच. शिवाय प्रोग्राम पुन्हा चालवला की वेगळेच तारे गळतात आणि शाखेची रुंदी जराशी हलते. नायट्रोजनच्या तफावतीसाठी आपण मोजत असतो तीच रुंदी.

हे निस्तरलं तरी हाती येतं ‘तफावत दिसली नाही’. तारा राक्षसी होताना आतला नायट्रोजन ढवळून वर येतो, मुळातला फरक पुसट होतो. आणि गुच्छ जितका तरुण तितके हे तारे वजनदार, ढवळणं जास्त. मग फरक नव्हताच की झाकला गेला, यावर वाद घालत बसा. मुख्य क्रमावर खाली उतरून बघता येतं, पण पहिल्याच प्रकल्पात ते अंधुक तारे मोजणं मला तरी झेपलं नसतं.

१९७८ ही अगदी सरळ नाही. चांगलाच लांबट आहे, त्यामुळे गोल वर्तुळ आखून तारे निवडले तर एका बाजूला गुच्छ कापला जातो आणि दुसऱ्या बाजूला मेघ आत येतो, लंबवर्तुळ आखा. पण त्याच्यात लोहाचं प्रमाण जवळपास एकसारखं आहे, म्हणून शाखा रुंद दिसली की संशय थेट नायट्रोजनवर जातो. पुढे वर्णपटांतून सोडियमचाही बारीकसा फरक निघालाय, म्हणजे आपलं उत्तर पडताळायलाही काहीतरी आहे. तुमचे मार्गदर्शक ४१९ च म्हणत असतील तर त्यांचं ऐका. नाहीतर १९७८ उघडा, एफ३४३एनला एफ४३८डब्ल्यू आणि एफ८१४डब्ल्यू या फिल्टरांची जोड द्या आणि लाल पुंजक्याच्या खालचे राक्षसी तारे आधी बघा.